दोन बोटांची फट

तुम्ही काय करता असं कुणी विचारलं की मी सांगते, बिल्डिंगीची हाडं काढते. चेहरामोहरा आर्किटेक्टचा, रंगरंगोटी मालकाच्या बायकोची, हाडं माझी. बीडमध्ये ऑफिस थाटून बसलेली स्ट्रक्चरल इंजिनिअर बाई, म्हटल्यावर सुरुवातीला लोक माझ्या पाठीमागं बघायचे, साहेब कुठं आहेत म्हणून. आता बघत नाहीत. आता सरळ भांडतात. सळई कमी करा, कॉलम बारीक करा, शेजाऱ्याच्या बिल्डिंगीत एवढं लोखंड कुठं होतं? मीही भांडते. धारूरच्या डोंगरात वाढलेल्या माणसाला हळू बोलायला कुणी शिकवत नाही. पलीकडच्या टेकडीवर हाक पोचली पाहिजे, एवढंच शिकवतात.

पण वडवणीच्या त्या दोघा भावांशी भांडायची वेळच येईना. इतकी गोड माणसं! पहिल्यांदा आले ते एकाच गाडीतून, एकाच कापडाचे शर्ट घालून. दोघांचे आईबाप ऊसतोडीला जायचे. ही पोरं फडाच्या कडेला पाचटात खेळून वाढली. पुढं थोरला मुकादम झाला, टोळ्या घेऊन कारखान्यावर जाऊ लागला. धाकट्यानं खत-बियाण्याचं दुकान टाकलं. बाप लवकर गेला, पण पोरांनी शेती वाढवली आणि परळी रस्त्याला लागून लांबच्या लांब जमीन घेतली. तिथं त्यांना तालुक्यात कुणाची नाही अशी बिल्डिंग उभी करायची होती. खाली गाळे, मधल्या मजल्यावर बँकेला, डॉक्टरला, क्लासवाल्याला भाड्यानं द्यायच्या जागा, आणि सगळ्यात वर दोघांचं राहणं.

मी नकाशा पसरला की थोरला वाकायचा, डोळे बारीक करायचा आणि नुसता हात पुढं करायचा. धाकटा बोलता बोलता स्वतःच्या खिशातून चष्मा काढून त्या हातावर ठेवायचा. चष्मा थोरल्याचा. तो कुठंही विसरतो म्हणून धाकट्यानंच सांभाळायचा, असं त्यांचं वर्षानुवर्षं चाललेलं होतं. मला त्याचं फार कौतुक वाटायचं. मला दोन भाऊ आहेत, पण एकाला दुसऱ्याच्या चष्म्याचा नंबर सोडा, फोनचा नंबर माहीत असेल की नाही शंका आहे.

कुठल्याही मोठ्या बिल्डिंगीचं काम जमिनीखालून सुरू होतं. आम्ही आधी खड्डे घेऊन बघितले. वर पुरुषभर काळी माती. ही माती कपाशीला सोन्यासारखी आणि बिल्डिंगीला सवतीसारखी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. तिच्यावर काही ठेवायचं नाही, सरळ खाली कडक मुरमापर्यंत जायचं आणि तिथं पाया टेकवायचा. मग खांबांची जागा. थोरला म्हणाला, गाळ्याच्या तोंडाशी खांब नको, गिऱ्हाइकाच्या नाकावर आल्यासारखा दिसतो. धाकटा म्हणाला, सगळे गाळे सारखे पाहिजेत, नाहीतर भाडेकरू कुरकुर करतात. दोघांचं ऐकून, न ऐकून, मी खांब बसवले. त्यात आठवडेच्या आठवडे गेले, पण कंटाळा आला नाही. कागदावर खांब उभे करताना मला अजूनही लहान पोरीसारखा आनंद होतो.

आणि मग ती फट.

एवढी लांब बिल्डिंग एकसंध बांधता येत नाही. काँक्रीट उन्हानं फुगतं, थंडीनं आखडतं. आमच्याकडचं वैशाखातलं ऊन काय असतं ते मी सांगायला नको, स्लॅबवर अनवाणी पाय ठेवून बघा. फुगायला जागा मिळाली नाही की काँक्रीट तडकतं, तड्यातून पाणी जातं, आतली सळई गंजते. म्हणून मधे, पायाच्या वरपासून थेट गच्चीपर्यंत, दोन बोटांची फट ठेवायची. फटीच्या अलीकडं एक खांब, पलीकडं एक खांब, अगदी शेजारी शेजारी, पण एकमेकांना न टेकलेले. तिला एक्स्पान्शन जॉइंट म्हणतात. मी ती जिन्याला लागून घेतली, कारण तिथं ती लपते. त्यामुळं एसटी स्टँडकडची बाजू थोडी मोठी झाली, दुसरी थोडी लहान. नकाशावर जाड तुटक रेघ मारली, दोघांना सांगितलं, "इथं गॅप आहे, उन्हासाठी." थोरला म्हणाला, "बरं." धाकटा म्हणाला, "तुमी म्हनताव तसं." आणि गुंडाळी काखेत मारून दोघं गेले.

आता आमच्या भागात नकाशा म्हणजे काय, हे मला कळायला हवं होतं असं माझा नवरा म्हणतो. त्याला आता सुचतंय! शेतकऱ्याच्या घरात नकाशा येतो तो मोजणीचा. त्यावरची रेघ म्हणजे हद्द. रेघेच्या अलीकडं आपलं, पलीकडं दुसऱ्याचं, आणि मधे बांध. त्या नकाशावर उन्हासाठी कुणी रेघ मारत नाही. दोघांच्या ओट्यावर भावकीतला एक शहाणा बसला होता. त्यानं गुंडाळी उलगडली आणि म्हणाला म्हणे, "आरं वा! मॅडमनं तर वाटनी बी करून दिली! मोटी बाजू थोरल्याला!"

झालं. दुसऱ्या दिवशी धाकट्याचा फोन. "मॅडम, ती रेघ जरा मधोमध घ्या की."

"कशाला? जिना आहे तिथं, बरोबर आहे ती."

"न्हाई, तसं बराबर दिसत न्हाई."

दुपारी थोरल्याचा फोन. "मॅडम, रेघ हाय तितंच राहू द्या. कुनी काई म्हनलं तरी हलवायची न्हाई."

मला काही उलगडेना. जॉइंटबद्दल एवढं मनावर घेणारे मालक मी जन्मात बघितले नव्हते. मग दोघं आले, पण वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या गाड्यांतून. थोरल्यानं नकाशा हातभर लांब धरला आणि डोळे ताणताणून बघत बसला. हात पुढं केला नाही. चष्मा नव्हताच. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मी भडकलेच. म्हटलं, "अहो, ही वारं जाण्याएवढी फट आहे! हा काही बांध नाही!"

तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, बांद बी आदी येवडाच असतो."

मी चहा मागवला. तो न पिताच गेला.

फट हे निमित्त होतं, हे मलाही कळत होतं. दोन्ही घरची पोरं मोठी झाली होती, जावाजावांचं आतल्या आत काही ना काही धुमसत असणार. पण तोपर्यंत त्याला जागा नव्हती. मी ती नकाशावर आखून दिली. जेसीबीनं पायाचे खड्डे खणून ठेवले होते आणि काम बंद पडलं. खड्ड्यांच्या कडेला मुरमाचे ढीग तसेच, लोखंड ताडपत्रीखाली. मी चिडचिड करत होते. घरात भांडी आपटत होते. नवरा म्हणाला, "बिल्डिंग त्यांची, भाऊ त्यांचे, तुझं का डोकं फिरलंय?" मला थोरल्याच्या त्या पुढं न आलेल्या हाताचं वाईट वाटत होतं.

माझं ऑफिस म्हणजे घराचीच पुढची खोली. एका सकाळी दारात एक म्हातारी उभी. नऊवारी, पायात टायरच्या वहाणा, फडक्यात बांधलेली सीताफळं. वडवणीहून एसटीनं एकटी आली होती. आत आली, फडकं टेबलावर ठेवलं, आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "तूच का ती, माज्या लेकरायच्या मधी रेघ मारनारी?"

ती त्या दोघांची आई होती. माझी बोली आपोआप धारूरची झाली. "बसा माय. पानी घ्या आदी."

"पानी पिते. तू रेघ खोड."

मी तिला समजावलं. ऊन, काँक्रीट, फुगणं, आखडणं. ती नुसती माझ्या तोंडाकडं बघत होती. मी म्हटलं, "रेघ खोडली तर बिल्डिंगीला तडा जाईल, माय."

"जाऊ दे तडा. भिंतीतला तडा बुजवता येतो. लेकरायतला न्हाई बुजत." मग ती खुर्चीवर टेकली. आवाज खाली आला. "बाई, दोगं बी येकमेकाला बोलायले न्हाईत. येक मागच्या दारानं जातो, येक म्होरच्या. वाटनी आली की मला कळतं गं. आन् वाटनी झाली की माय बी वाटतात."

मी पाण्याचा पेला तिच्यापुढं सरकवला.

"म्हैना ह्याच्याकडं, म्हैना त्याच्याकडं. पाळी. माजी थोरली बहीन अशी गाठुडं घिऊन फिरली. म्हैना सरत आला की सून दारात डोकवायची, गेली का न्हाई आजून. बहीन मेली त्या दिशी बी भांडले, पाळी कुनाची चालू व्हती म्हनून." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आमी उसाला जायचो. दर साली गाठुडं बांदायचं, पाचटाच्या कोपीत सोडायचं, पुना बांदायचं. लई बांदली. मालकाला म्हनायची, येकदा आपलं घर झालं की गाठुडं बांदनार न्हाई. आता ह्या वयात मला बांदायला लावू नगंस, लेकी."

आतल्या दारात माझी आई चहाचे कप घेऊन उभी होती. कधीपासून उभी होती कुणास ठाऊक. माझी आई माझ्याकडं राहते. त्याआधी ती माझ्या दोन भावांकडं राहायची, अशीच. कुणी तिला वाईट वागवलं नाही, खोटं कशाला बोलू. पण महिना संपला की पिशवी भरायची. मी तिला कायमची घेऊन आले त्याला बरीच वर्षं झाली, तरी तिची ती पिशवी अजून पलंगाखाली असायची. लुगडी, औषधं, देवाचा छोटा डबा, सगळं पिशवीतच. काढायचं, वापरायचं, धुऊन घडी करून परत पिशवीत. मी किती ओरडले असेन. ती म्हणायची, "असू दे गं, सवय झाली."

आईनं चहा ठेवला. दोघी म्हाताऱ्यांनी एकमेकींकडं बघितलं. आई एवढंच म्हणाली, "साखर कमी हाय का बगा." आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. माझ्या ऑफिसात आई कधी बसत नाही.

माझा राग कुठल्या कुठं गेला. पण रेघ मला खोडता येत नव्हती, काय करू? मी कुणाच्या डोळ्यातलं पाणी बघून खांब हलवायला लागले तर धंदा बंद करावा. मी उठले, नकाशांच्या गठ्ठ्यातून पायाचा कागद काढला आणि तिच्यापुढं पसरला. त्या दोघांनी हा कागद उलटूनसुद्धा बघितला नव्हता. कोण बघतं? लोकांना गाळे दिसायला पाहिजेत, जमिनीत काय गाडलंय ह्याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं.

"हे बघा माय. हे दोन खांब. हा अलीकडचा, हा पलीकडचा. मधी दोन बोटं जागा."

तिनं बोट ठेवलं. "हीच का ती रेघ?"

"हीच. आता खाली बघा. हे दोन्ही खांब कशावर उभेत?"

ती कागदावर वाकली. बोट सरकवत सरकवत खाली आणलं. "ही चौकट?"

"हा पाया. फुटिंग म्हणतात. दोघांचा एकच."

"येकच?"

"एकच. वरची फट पायापर्यंत येऊन थांबते. खाली जातच न्हाई."

"कावून?"

"खाली ऊन पोचत न्हाई, माय. जमिनीच्या पोटात ऊन न्हाई, थंडी न्हाई. तिथं फुगायचं कारण न्हाई, आखडायचं न्हाई. मग कशाला तोडायचं? दोन्ही खांबांचा भार एकाच जागी उतरतो."

तिचं बोट त्या चौकटीवरून हलेना. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. मग मला वाटलं, सांगायचंच तर सगळंच सांगावं. म्हटलं, "आणि वरची फटसुद्धा कायम तेवढी राहत नाही. उन्हाळ्यात कमी होते. दोन्ही बाजू फुगतात, एकमेकींकडं सरकतात."

"म्हंजी ताप झाला की जवळ येतात?"

"हो."

"मानसं उलटी करतात, बाई," ती म्हणाली आणि पहिल्यांदा हसली. माझी आईही हसली. दोघींनी मिळून मग एक सीताफळ फोडलं आणि मला माझ्याच टेबलावर बिया ठेवायला बशी आणायला पाठवलं.

ती एसटीत बसून गेल्यावर आई म्हणाली, "काडशील का गं काई मार्ग? येवडी शिकलीस." मी म्हटलं, माझ्या हातात होतं ते मी दाखवलं. पण मार्ग म्हातारीनंच काढला.

आठवड्याभरात निरोप आला, पायाभरणी आहे, यायचं. आमच्याकडं पायाभरणीची पूजा ईशान्य कोपऱ्याला करतात, सगळीकडंच करतात. मी गेले तर पूजेचं ताट बिल्डिंगीच्या पार मधोमध, जिन्याजवळच्या खड्ड्याच्या काठावर. गुरुजी कुरकुरत होते. म्हातारी त्यांना म्हणाली, "ईशान्येला बी फोडा येक नारळ, तुमाला कोन आडवलंय? पन माजी पूजा हितंच."

तोच तो खड्डा, दोन खांबांचा. थोरला एका काठावर, धाकटा समोरच्या काठावर, दोघंही आपापल्या मोबाइलमध्ये बघत होते. सुना लांब उभ्या. आणि कुणाला काही कळायच्या आत म्हातारीनं नऊवारीचा काष्टा खोचला आणि लाकडी शिडीवरून खड्ड्यात उतरायला लागली.

"माय! माय, पडशील!" दोघांनी एकदम उड्या टाकल्या. एकानं हा दंड धरला, एकानं तो. ती मुरमावर नीट उभी राहिली, दोघांचे हात घट्ट धरले आणि वर तोंड करून मला म्हणाली, "आता सांग ह्यायला. मला सांगितलं तसंच सांग."

मी खड्ड्याच्या काठावर उकिडवी बसले. माझा आवाज मोठा आहे ह्याचा त्या दिवशी उपयोग झाला. सेंट्रिंगवाल्यांपासून रस्त्यावरच्या रसवंतीवाल्यापर्यंत सगळ्या वडवणीनं माझं एक्स्पान्शन जॉइंटवरचं भाषण ऐकलं. वर दोन खांब, खाली पाया एक. वर फट उन्हासाठी, खाली ऊन नाही म्हणून फट नाही. नकाशा खाली दिला. थोरल्यानं तो घेतला, हातभर लांब धरला, परत जवळ आणला, डोळे बारीक केले. त्याला काही दिसेना. आणि सवयीनं, निव्वळ सवयीनं, त्याचा हात पुढं झाला.

धाकटा दुसरीकडंच बघत होता. त्यानं खिशात हात घातला आणि चष्मा काढून त्या हातावर ठेवला.

म्हणजे इतके दिवस बोलणं नव्हतं, एकमेकांचं तोंड बघत नव्हते, तरी तो चष्मा रोज शर्टाच्या खिशात घालून हिंडत होता!

थोरला चष्म्याकडं बघतच राहिला. "आरं बे, आख्खं घर हुडकलं मी ह्याच्यासाटी."

"मंग मागायचा व्हता."

"तू बोलत न्हवतास."

"तू तरी कुटं बोलत व्हतास?"

म्हातारी दोघांच्या मधे उभी राहून रडत होती आणि दोघांना शिव्या देत होती. मीही रडले, सरळ सांगते. गुरुजींनी वरून विचारलं, नारळ कुणी फोडायचा? म्हातारीनं डोळे न पुसताच उत्तर दिलं की दोघं मिळून धरतील, एकच नारळ फोडतील. आणि तो नारळ दोघांनी मिळून धरला खरा, पण कुणी किती जोर लावायचा ते न ठरल्यानं निसटून थोरल्याच्या पायावर पडला. शेवटी म्हातारीनंच फोडला.

मग काम सुरू झालं. एका पायातून दोन खांब वर आले. मधे थर्माकोलचे पत्रे लावून फट धरली होती. मी म्हातारीला एकदा बोलता बोलता सांगून बसले की फटीत माल, खडी, विटांचे तुकडे पडले की फट बुजते आणि मग तिचा काही उपयोग राहत नाही. झालं, तेव्हापासून ती जिन्यापाशी पोतं टाकून बसायला लागली. जी रेघ खोडायला ती बीडला आली होती, तिचीच राखण करायला लागली. गवंड्यांना धमकावायची, "त्या फटीत माल सांडला तर बघा, मॅडमला फोन लावीन." मी साइटवर गेले की गवंडी हात जोडायचे. "मॅडम, त्या आजीला समजवा की जरा. बिडी इझवून टाकली तरी वरडती."

बिल्डिंग उभी राहिली. चांगली झाली. मला माझी सगळी कामं चांगलीच वाटतात, पण ही खरंच चांगली झाली.

आणि वाटणीही झाली, हे लपवून काय करू? वर राहायला गेल्यावर सालभरातच झाली. पण भांडण नाही, कोर्ट नाही. चुली वेगळ्या झाल्या, हिशोब वेगळे झाले. हद्द कुठली, हे ठरवायला कुणाला वेळ लागला नाही. फटीच्या अलीकडं एकाचं, पलीकडं एकाचं. स्टँडकडची मोठी बाजू थोरल्यानं आपण होऊन धाकट्याला दिली, दुकानाला गिऱ्हाईक लागतं म्हणून. मग भावकीतल्या त्या शहाण्यानं विचारलं, आता मायचं कसं करायचं? म्हैना म्हैना का सहा-सहा म्हैने?

हे मला धाकट्यानंच सांगितलं. म्हणाला, माय भिताडाला टेकून बसली होती. कुणी बोलायच्या आत म्हणाली, "माजा वाटा मी घेतला. मधली फट माजी. दोगांनी बी तिच्यात पाय घालायचा न्हाई."

सगळे हसले म्हणे. पण ती खरंच तिथं जाऊन बसली. वरच्या मजल्यावर दोन्ही घरांची दारं एकाच लांब व्हरांड्यात उघडतात. व्हरांड्याच्या मधे ती फट आहे, वरून पट्टी मारलेली. त्या पट्टीवर तिनं बाज टाकली. डोकं थोरल्याकडं, पाय धाकट्याकडं. पुढं दोघांनी मिळून तिथं पत्रा घातला, बाजूंनी आडोसा केला. तिथंच तिची ट्रंक, तिथंच देव. भाकरी ज्या दारातून आधी येईल त्या दारातली. पाळी नाही.

गेल्या वैशाखात मी एक दुसरं काम बघायला सिरसाळ्याला निघाले होते, तर आईला म्हटलं, चल, वाटेत तुझ्या मैत्रिणीला भेटू. ऊन मरणाचं होतं. आम्ही वर गेलो तर म्हातारी माझी वाटच बघत असल्यासारखी उठली, माझं मनगट धरलं आणि व्हरांड्याच्या कठड्यापाशी घेऊन गेली. कठड्यातली फट उघडीच आहे, तिथं पट्टी नाही.

"घाल बोटं."

मी दोन बोटं घातली. अडकली.

"थंडीत दोन बोटं सैल जायची," ती म्हणाली. "आता जात न्हाईत. मी रोज बघते. आलेत का न्हाई जवळ?"

"आलेत, माय."

मग तिनं आईला बोलावलं आणि आईलाही बोटं घालायला लावली. दोघींचं कितीतरी वेळ तेच चाललं होतं. थोरल्याच्या दारातून सरबत आलं, धाकट्याच्या दारातून कलिंगड आलं. आई बाजेवर बसली, इकडं तिकडं बघत राहिली. बाजेखालीही वाकून बघितलं तिनं. खाली नुसत्या वहाणा होत्या.

परतताना गाडीत, घाट उतरल्यावर, आई म्हणाली, "तिच्याकडं गाठुडंच न्हाई गं." मी म्हटलं, हो.

घरी आल्यावर मी चहा टाकला. आई आतल्या खोलीत गेली, पलंगाखालून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं ती दारात आली. हातात घडी केलेली लुगडी होती, वर देवाचा डबा.

"तुज्या कपाटात येखादा कप्पा रिकामा हाय का?" तिनं विचारलं.

होता. ती आल्यापासून होता.